प्रत्यारोपित हृदयाचे रिजेक्शन लवकर कसे ओळखावे : प्राणिप्रयोग करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

रॅटच्या पोटात बसवलेल्या हृदयाचा ठोका बोटांना लागेनासा झाला की त्या दिवशी रिजेक्शन (प्राप्तकर्त्याच्या प्रतिकारशक्तीने परके हृदय नाकारणे) झाले, अशी नोंद अनेक प्रबंधांत वाचायला मिळते. ती नोंद चुकीची नाही, पण उशिराची आहे. ठोका थांबतो तेव्हा लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी हृदयाच्या स्नायूत शिरून काही दिवस लोटलेले असतात, स्नायुपेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या असतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देऊन ते हृदय वाचवता आले असते का, हा खरा प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते. नागपुरातील आणि विदर्भातील वैद्यकीय, पशुवैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत असे काम हाती घेऊ पाहणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांना समोर ठेवून ही मार्गदर्शिका लिहिली आहे. शस्त्रक्रियेचे टाके कसे घालावेत हे येथे सांगितलेले नाही. ते हाताने शिकायचे काम आहे. रिजेक्शनची पहिली खूण कोठे शोधावी, कशाशी ताडून पाहावी आणि कोणत्या खुणेवर किती विसंबावे, एवढाच येथे विषय आहे. माझे मत आधीच सांगतो : लवकर निदान यंत्राच्या किमतीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते योग्य तुलनागटावर आणि आधी ठरवलेल्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

मॉडेल आणि रक्ताची वाट

रॅटच्या पोटात हृदय बसवण्याची आज रूढ असलेली पद्धत ओनो आणि लिंड्सी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. माउसमध्ये तेच काम कॉरी, विन आणि रसेल यांनी १९७३ मध्ये करून दाखवले. या पद्धतीत दात्याची महाधमनी प्राप्तकर्त्याच्या पोटातील महाधमनीला जोडतात आणि दात्याची फुप्फुसधमनी प्राप्तकर्त्याच्या अधोमहाशिरेला जोडतात. रक्त महाधमनीतून उलट्या दिशेने येते, झडप मिटलेली राहते, आणि ते कोरोनरी धमन्यांत शिरून स्नायूला पोसते. नंतर कोरोनरी सायनसमार्गे ते उजव्या बाजूच्या कप्प्यांत येते आणि फुप्फुसधमनीवाटे बाहेर पडते. डावी जवनिका मात्र जवळजवळ रिकामीच आकुंचन पावत राहते.

या रचनेचे दोन परिणाम पुढील प्रत्येक तपासणीवर होतात. पहिला असा की, प्राप्तकर्ता प्राणी स्वतःच्या हृदयावर जगत असल्याने प्रत्यारोपित हृदय बंद पडले तरी तो दगावत नाही. त्यामुळे रिजेक्शनच्या कोणत्याही टप्प्यावर थांबून तपासणी करता येते आणि प्राण्याला अखेरपर्यंत ताटकळत ठेवावे लागत नाही. दुसरा परिणाम असा की, डाव्या जवनिकेवर दाबाचे ओझे नसल्याने मानवी रुग्णांत उपयोगी पडणारी काही मापे, विशेषतः इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण), येथे निरर्थक ठरतात. रिकाम्या जवनिकेत रक्ताची गुठळी होणे हेही या मॉडेलमध्ये नेहमीचे आहे आणि तिला रिजेक्शन समजू नये.

वंश आणि तुलनागट

आपल्याकडील प्रयोगशाळांत विस्टार आणि स्प्रॅग-डॉली रॅट सहज मिळतात, म्हणून अनेकांचा पहिला विचार एका विस्टारचे हृदय दुसऱ्या विस्टारला बसवण्याचा असतो. तो विचार सोडून द्यावा. हे मुक्त प्रजननाचे साठे आहेत. त्यांतील कोणतेही दोन प्राणी एकमेकांशी किती जुळतात हे ठाऊक नसते, त्यामुळे रिजेक्शन कधी लवकर होते, कधी रेंगाळते, आणि दिवसाची तुलना दिवसाशी करता येत नाही. लवकर निदानाचा अभ्यास करायचा तर इनब्रेड, म्हणजे पिढ्यानपिढ्या आपसांत प्रजनन करून जनुकीयदृष्ट्या एकसारखे केलेले, वंशच हवेत. ब्राउन नॉर्वे दाता आणि लुइस प्राप्तकर्ता ही रॅटमधील परिचित जोडी आहे. औषध न देता तिच्यात तीव्र रिजेक्शन साधारण आठवडाभरात पूर्ण होते. माउसमध्ये बाल्ब-सी दाता आणि सी-५७ ब्लॅक-६ प्राप्तकर्ता ही जोडी तितकीच रुळलेली आहे.

या जोडीइतकाच महत्त्वाचा आहे तो आयसोग्राफ्टचा गट, म्हणजे लुइसचे हृदय लुइसलाच बसवणे. या हृदयाला रिजेक्शन होणे अपेक्षित नसते, पण शस्त्रक्रियेचा आघात, काही वेळ रक्ताविना राहणे, पुन्हा रक्त सुरू होताना होणारी इजा, भूल आणि जखमेचा दाह हे सारे त्याच्याही वाट्याला येते. पहिल्या तीन दिवसांत दिसणारी सूज, थोड्याफार दाहपेशी आणि रक्तात वाढलेले ट्रोपोनिन (हृदयस्नायूतील एक प्रथिन) यांतील किती भाग शस्त्रक्रियेचा आणि किती रिजेक्शनचा, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी हाच गट वगळला जातो, आणि मग हाती आलेल्या प्रत्येक आकड्याचे दोन अर्थ लागतात. प्राण्यांची संख्या कमी करणे भाग असेल तर औषधांच्या मात्रांचे गट कमी करावेत, आयसोग्राफ्ट नाही. याशिवाय प्रत्येक प्राण्याचे स्वतःचे हृदय हाही एक तुलनेचा नमुना असतो. शवविच्छेदनात त्याचेही तुकडे न विसरता घ्यावेत.

परवानगी आणि अॅनिमल हाउस

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीकडे, जिला आज सीसीएसईए म्हणतात, नोंदणी झालेल्या संस्थेतच असा प्रयोग करता येतो. रॅट आणि माउससाठीचा प्रस्ताव बी-अर्जावर संस्थेच्या प्राणी आचारसंहिता समितीपुढे जातो; डुक्कर, कुत्रा अशा मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची मान्यता लागते. प्रस्तावात प्रयोग कोणत्या क्षणी थांबवायचा हे लिहिणे आवश्यक आहे. वजन मूळच्या २० टक्क्यांनी घटणे, मागील पाय लुळे पडणे, पाठ कमानीसारखी करून हालचाल बंद करणे, ही त्यासाठी वापरली जाणारी लक्षणे आहेत. मागील पाय लुळे पडणे हे पोटातील महाधमनीत गुठळी झाल्याचे लक्षण असते; तेथे वाट पाहण्यात अर्थ नसतो.

नागपूरच्या हवामानाचा विचार येथेच करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. रॅटच्या खोलीचे तापमान २२ ते २४ अंशांच्या जवळपास आणि हवेतील आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची असते. घरोघरी ज्या वाळ्याच्या कुलरवर आपले उन्हाळे निघतात तो कुलर येथे चालत नाही, कारण तो तापमान उतरवताना आर्द्रता वाढवतो आणि दोन्ही अनियंत्रित ठेवतो. वातानुकूलन आणि जनरेटरची सोय नसेल तर प्रत्यारोपणाची तुकडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घ्यावी. उष्णतेच्या ताणाने हृदयाची गती, खाणे आणि वजन बदलते, आणि हीच तर आपली निरीक्षणे असतात. बाहेरगावाहून इनब्रेड प्राणी आणायचे तर प्रवास रात्रीचा असावा आणि आल्यावर किमान एक आठवडा त्यांना नव्या जागेत रुळू द्यावे.

बोटांनी तपासणी

ही तपासणी उशिराची असली तरी टाळता येत नाही, कारण बाकी सर्व खुणांचे अंतर ठोका थांबण्याच्या दिवसापासूनच मोजले जाते. प्राण्याला हलक्या हाताने धरून पोटाच्या बाजूवर दोन बोटे ठेवावीत आणि ठोक्याच्या जोराला ० ते ४ असे गुण द्यावेत. ४ म्हणजे पहिल्या दिवसासारखा ठसठशीत ठोका आणि ० म्हणजे ठोका नाही. तपासणी रोज ठरावीक वेळी, एकाच व्यक्तीने आणि गट माहीत नसताना करावी. प्रत्यारोपित हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने त्याची गती प्राण्याच्या स्वतःच्या हृदयाशी जुळत नाही. या फरकावरूनच बोटाला लागणारा ठोका ग्राफ्टचा, म्हणजे प्रत्यारोपित हृदयाचा, आहे की जवळच्या महाधमनीचा, हे ठरवता येते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ठोका थांबला तर तो जोडणीतील दोष किंवा गुठळी समजून त्या प्राण्याला तांत्रिक अपयशाच्या यादीत टाकतात. हा नियम प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवावा. निकाल पाहिल्यावर लावलेला नियम कोणी मानत नाही. गुण ३ वरून २ वर आले, एवढ्यावर लवकर रिजेक्शन म्हणू नये. आतडी फुगली, टाक्यांभोवती चिकटण झाली किंवा प्राणी धास्तावून पोट आवळून बसला, तरी गुण तेवढे उतरतात.

ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी

रिजेक्शनची खूण ईसीजीवर शोधण्याची कल्पना कुत्र्यांवरील प्रयोगांतून आली. स्टॅनफर्ड येथे रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांच्या गटाने १९६० च्या दशकात असे दाखवले की, जवनिकांच्या आकुंचनावेळी ईसीजीवर उमटणाऱ्या क्यूआरएस लहरींची उंची घसरू लागली की रिजेक्शन सुरू झाले असे समजून औषध वाढवता येते आणि हृदय सावरते. कारण सोपे होते : स्नायूत सूज येते आणि विद्युत संकेत दबतो. पुढे १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आले, रिजेक्शनमधील सूज कमी झाली आणि मानवी रुग्णांत ही खूण विश्वासार्ह राहिली नाही.

या इतिहासातील धडा आपल्या प्रयोगाला थेट लागू पडतो. औषध न दिलेल्या प्राण्यांत उत्तम चाललेली खूण औषध दिलेल्या प्राण्यांत गप्प बसू शकते. म्हणून कोणतीही नवी पद्धत केवळ औषधाविनाच्या गटात तपासून तिची शिफारस करू नये. कमी मात्रेत औषध देऊन रिजेक्शन लांबवलेला एक गट ठेवावा आणि पद्धत तेथे टिकते का ते पाहावे. प्रत्यक्ष नोंदणीसाठी ग्राफ्टवर बारीक तारा बसवून त्वचेखाली टेलिमेट्री (बिनतारी नोंद पाठवणारे) उपकरण ठेवता येते. ते नसेल तर भुलीखाली पोटावरून नोंद घ्यावी, पण तेव्हा प्राण्याच्या स्वतःच्या हृदयाचे संकेत त्यात मिसळतात आणि दोन निराळ्या गतींच्या लहरी वेगळ्या काढाव्या लागतात.

इकोकार्डिओग्राफीसाठी उच्च वारंवारतेचा प्रोब लागतो. पाहायचे ते जवनिकेच्या भिंतीची जाडी, भिंतीचे आकुंचन आणि ग्राफ्टची गती. रिजेक्शनमध्ये भिंत सुजून जाड होते आणि तिची हालचाल मंदावते. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतही भिंत जाड दिसतेच, तेव्हा एका दिवसाचा आकडा निरुपयोगी असतो. त्याच प्राण्याच्या आधीच्या आकड्याशी आणि त्याच दिवशीच्या आयसोग्राफ्टशी अशी दुहेरी तुलना करावी. भुलीचे औषध, त्याची मात्रा आणि प्राण्याचे तापमान प्रत्येक वेळी तेच असले पाहिजे, अन्यथा आपण हृदयाऐवजी भूल मोजत बसतो.

रक्ततपासणी

रॅटच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ६४ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये सुमारे १६ मिलिलिटर. एका वेळी त्याच्या दहाव्या भागाहून अधिक, म्हणजे १.६ मिलिलिटरहून अधिक रक्त काढू नये, आणि रोज काढायचे असेल तर त्याहून बरेच कमी. या मर्यादेत कोणत्या तपासण्या बसतात हे आधी कागदावर मांडून पाहावे.

ट्रोपोनिन स्नायुपेशी फुटल्यावर वाढते, म्हणजे ते इजेनंतरचे चिन्ह आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर ते वाढलेलेच असते आणि प्राण्याच्या स्वतःच्या हृदयातूनही येऊ शकते. पाचव्या दिवशी खाली आलेला आलेख पुन्हा वर वळला तर त्याला अर्थ आहे. दात्याच्या पेशींतून रक्तात येणारा मुक्त डीएनए अधिक नेमका असतो, कारण तो फक्त ग्राफ्टमधून येतो. नर दात्याचे हृदय मादीला बसवले तर वाय गुणसूत्राचा डीएनए साध्या पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या) यंत्रावर मोजता येतो, आणि ज्या महाविद्यालयात महागडी जनुकवाचन यंत्रे नाहीत तेथे ही युक्ती फार कामाची आहे. तिची एक अट आहे. नराच्या पेशींवर मादीला परके वाटणारे प्रतिजन असतात, म्हणून आयसोग्राफ्टच्या गटातही नराकडून मादीला हेच जोडपे ठेवावे लागते.

एमआरआय : बाहेरून आत पसरणारे रिजेक्शन

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चिएन हो यांच्या गटाने २००६ मध्ये रॅटमधील प्रत्यारोपित हृदयावर जे काम प्रसिद्ध केले, त्याने या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्यांनी लोहऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले. मॅक्रोफेज हे कण गिळतात, आणि रिजेक्शन सुरू झाले की तेच मॅक्रोफेज ग्राफ्टमध्ये जमतात. लोहामुळे एमआरआयचा संकेत त्या जागी मावळतो आणि चित्रात काळे ठिपके किंवा पट्टे दिसतात. हे ठिपके सर्वत्र सारखे नव्हते; ते हृदयाच्या बाहेरील पृष्ठभागाकडून आतील अस्तराकडे पसरत गेले. मानवी रुग्णांत बायोप्सी घेतली जाते ती उजव्या जवनिकेच्या आतल्या अस्तराकडून, तेही इवल्याशा तुकड्यांची. रिजेक्शन बाहेरून सुरू झाले असेल तर आतला तुकडा काही काळ निर्दोष दिसू शकतो, ही गोष्ट त्या चित्रांनी डोळ्यांसमोर आणली.

ही पद्धत वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. लोह देण्याआधी एक चित्र घ्यावे, लोह दिल्यावर साधारण एक दिवस थांबावे आणि मग टी-२-स्टार प्रकारचे, म्हणजे लोहाला संवेदनशील असलेले, चित्र घ्यावे. आधीचे चित्र नसेल तर काळा ठिपका मॅक्रोफेजचा, जुन्या रक्तस्रावाचा की टाक्याजवळच्या हवेचा, हे सांगता येत नाही, कारण तिन्ही काळेच दिसतात. श्वासाची आणि दोन हृदयांची हालचाल चित्र धूसर करते, म्हणून चित्रण ग्राफ्टच्या ईसीजीला आणि श्वासाला जोडून घ्यावे लागते. रुग्णालयातील १.५ किंवा ३ टेस्लाच्या यंत्रात लहान कॉइल बसवून रॅटची चित्रे घेता येतात, पण रुग्णांच्या यंत्रात प्राणी नेण्यासाठी रुग्णालयाची वेगळी परवानगी, रात्रीची वेळ आणि नंतरची स्वच्छता हे सारे आधी ठरवावे लागते. लोह द्यायचे नसेल तर सुजेमुळे वाढणारा टी-२ कालावधी (एमआरआयचा संकेत विरण्यास लागणारा वेळ) मोजता येतो. तो सोपा आहे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेनेही तो तसाच वाढतो.

पेट चित्रणाबद्दल, म्हणजे किरणोत्सर्गी ग्लुकोज देऊन घेतलेल्या चित्रांबद्दल, थोडेच सांगणे पुरे. त्यातील फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाळ ११० मिनिटांचा असतो आणि निरोगी हृदयाचा स्नायूही ग्लुकोज ओढून घेतो, तेव्हा दाहपेशींची चमक स्नायूच्या चमकेतून वेगळी काढावी लागते. पहिल्या अभ्यासासाठी मी ते सुचवणार नाही.

ऊतीचा पुरावा

वरील प्रत्येक खुणेची शेवटची कसोटी सूक्ष्मदर्शकाखाली लागते. त्यासाठी सर्व प्राणी ठोका थांबेपर्यंत ठेवून चालत नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी प्रत्येक गटातील ठरावीक प्राण्यांचे ग्राफ्ट काढावेत आणि त्याच दिवशी, ग्राफ्ट काढण्यापूर्वी, रक्त व चित्रण उरकावे. ग्राफ्टचे आडवे काप घेऊन मधला काप १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, दुसरा गोठवण्यासाठी आणि तिसरा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावा. शस्त्रक्रिया एका संस्थेत आणि प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, ही नागपुरातील नेहमीची स्थिती आहे. सेमिनरी हिल्सहून मिहानपर्यंत दुपारी नमुने नेताना बर्फाची पेटी नसेल तर आरएनए वाटेतच विरतो आणि त्याचे खापर पुढे पीसीआरवर फुटते.

हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९० मध्ये ठरवलेली आणि २००४ मध्ये सुधारलेली श्रेणी येथे वापरतात. १-आर मध्ये रक्तवाहिन्यांभोवती किंवा स्नायुतंतूंमध्ये दाहपेशी असतात आणि स्नायुपेशींच्या इजेची फार तर एक जागा असते. २-आर मध्ये अशा दोन किंवा अधिक जागा असतात. ३-आर मध्ये दाहपेशी सर्वत्र पसरलेल्या असून इजेच्या जागा अनेक असतात, सूज आणि रक्तस्रावही असू शकतो. लवकर रिजेक्शनचा अभ्यास म्हणजे मुख्यतः ० ते १-आर यांमधील सीमारेषेचा अभ्यास. ही श्रेणी माणसाच्या अस्तराच्या तुकड्यांसाठी बनवलेली आहे आणि आपल्याकडे पूर्ण आडवा काप असतो, म्हणून बाह्य, मध्य आणि आतील थर यांना स्वतंत्र गुण द्यावेत. एमआरआयशी तुलना करताना तोच भेद उपयोगी पडतो. दोन पॅथॉलॉजिस्टनी गट न कळता स्वतंत्रपणे काप वाचावेत. मॅक्रोफेजसाठी सीडी-६८, लोहासाठी प्रशियन ब्लू आणि प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या रिजेक्शनची शंका असेल तर त्याची खूण दाखवणारे सी-४-डी हे रंगकाम करावे.

सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही दिसत नसतानाही जनुके बोलू लागलेली असतात. इंटरफेरॉन-गॅमा, ग्रॅन्झाइम-बी, परफोरिन आणि सीएक्ससीएल-१० या प्रतिकारप्रक्रियेतील जनुकांचे आरएनए संदेश स्नायुपेशी मरण्याआधी वाढतात, त्यामुळे तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यात यांचे मापन विशेष मोलाचे ठरते. तुलनेसाठीचे संदर्भ जनुक मात्र काळजीपूर्वक निवडावे, कारण ग्राफ्टमध्ये दाहपेशींची गर्दी झाली की ज्याला आपण स्थिर समजतो ते जनुकही हलते. दोन संदर्भ जनुके घेतलेली बरी.

"लवकर" म्हणजे केव्हा

आयसोग्राफ्ट गटाच्या त्या त्या दिवशीच्या सरासरीत दोन प्रमाणित विचलने मिळवून जी मर्यादा येते, ती ओलांडणारा पहिला दिवस म्हणजे त्या खुणेचा दिवस, अशी व्याख्या प्रस्तावातच लिहावी. ठोका थांबण्याच्या दिवसातून हा दिवस वजा केला की त्या पद्धतीने किती दिवस आधी इशारा दिला ते कळते. ऊतीसाठी काढलेल्या प्राण्यांत ठोका थांबण्याचा दिवस मिळत नाही, म्हणून त्याच वंशजोडीचा एक छोटा गट शेवटपर्यंत ठेवून ती सरासरी वापरावी लागते.

चित्रात काळा पट्टा आणि कापात काहीच नाही, असे प्राणी निघतातच. अशा वेळी आधी कापाची दिशा चित्राच्या दिशेशी जुळते का ते पाहावे, ऊतीच्या मेणाच्या ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप घ्यावेत आणि प्रशियन ब्लूने लोह कोठे आहे ते शोधावे. लोह पेशींच्या आत असेल तर मॅक्रोफेज आले आहेत, पेशींबाहेर सांडलेले असेल तर रक्तस्राव संभवतो. एवढे करूनही मेळ बसला नाही तर तो प्राणी तक्त्यातून काढू नये. न जुळलेल्या प्राण्यांचा वेगळा स्तंभ ठेवून त्यांचे गुण, चित्रे आणि दिवस जसेच्या तसे छापावेत.